कुशाबाईंची गाठ

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई कुशाबाईंना, कशालाही काळा दोरा बांधायची खोड. म्हशीला बांधतात, मोटरसायकलला बांधतात. मामंजींना ऑपरेशननंतर लघवीची नळी लावली, तर त्या पिशवीलाही बांधला! लाल मणी ओवून, वर त्यांची ती खास आडवी गाठ. मी कपाळावर हात मारून घेतला.

"आत्याबाई, मुताच्या पिशवीला कुणाची नजर लागणार?"

"लागती गं. येणारा जाणारा पिशवीकडंच बघतोय."

पिशवी बदलताना नर्सबाईंनी जुनी दोऱ्यासकट लाल डब्यात टाकली. म्हणाल्या, "हे सगळं निर्जंतुक करूनच पुनर्वापराला पाठवतात. आपला दवाखाना पर्यावरणाची काळजी घेतो." मला बरं वाटलं, कारण माझं पोटही पुनर्वापरावरच. चाकणजवळच्या शेडमध्ये मी भंगार प्लास्टिक निवडते. ते दळून पाण्याचे हिरवे पाईप बनतात. दसऱ्याला शेठनं आम्हा बायकांना एकेक पाईप भेट दिला. टँकर आला की त्याच पाईपनं आम्ही पिण्याचं पिंप भरतो.

दसऱ्यानंतर मामंजींना ताप आला, तो काही हटेना. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा, लघवीत पुन्हा जंतू वाढले तर किडनीवर जाईल. मग काय, आत्याबाई तांब्या घेऊन त्यांच्या मागंच लागल्या.

काल शेडमध्ये गोणी फोडली. मऊ, पारदर्शक माल. शेठ त्याला कंपनीचं पॅकिंग म्हणायचा. एरवी तो चिंध्या होऊन यायचा, या खेपेला कुणीतरी कापायचा कंटाळा केला होता. हात घातला तर ओलं लागलं. भपकन वास आला. आणि बोटात दोरा अडकला. काळा, लाल मण्याचा, आडव्या गाठीचा.

अगं आई गं!

"शेठ, ही माझ्या सासऱ्याची पिशवी! मूत हाय अजून आत!"

"हळू बोल, करिष्मा. दळलं की सगळं सारखंच. अन् पाईप काय प्यायच्या पाण्याचा असतो का? बागेचा असतो."

"मग दसऱ्याला देताना तोंडात मूग धरले होते का रे, मुडद्या?"

दोरा ओरबाडून घेतला आणि तडक घर गाठलं. टँकर नुकताच गेला होता. पिंप काठोकाठ भरलेलं, त्यात तो हिरवा पाईप. मामंजी ओट्यावर तांब्या तोंडाला लावून बसलेले. मी तांब्या हातानं उडवला.

"आगं, डोकं फिरलं का तुझं? पाणी हाय ते!" आत्याबाई ओरडल्या.

मी मूठ उघडली. त्या आधी हसल्याच. "ह्यो तर माझाच दोरा! कुठं घावला?"

"पाईपाच्या मालात," मी म्हणाले. "असल्याच पिशव्या दळून हा पाईप झालाय."

आत्याबाईंनी पाईपाकडं बघितलं, मग पिंपाकडं. मामंजींनी ओली मिशी पुसायला हात उचलला, तो तसाच राहिला.

"सकाळपास्नं पितोय की गं, पोरी," ते म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय म्हणून."