कँटीनवर साचलेले लाल ठिपके

मॅडमनी नकाशा पडद्यावर उघडला. ओढ्याकाठच्या वस्तीत एकही ठिपका नव्हता. हिरवे, लाल, सगळे ठिपके कॉलेजवर येऊन बसले होते; एकावर एक, नेमके कँटीनच्या छपरावर.

"मॅडम, कँटीनच्या चहात विष आहे, हे आम्ही पहिल्या वर्षापासून सांगतोय," मागच्या बाकावरून एक चष्मिश मुलगा म्हणाला. वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत, तसा एकेक जण गप्प झाला.

पर्यावरणशास्त्राच्या या वर्गाने वस्तीतल्या प्रत्येक हातपंपाचं पाणी आणून तपासलं होतं. काही बाटल्यांत आर्सेनिक निघालं होतं. त्या कुठल्या पंपांच्या, ते नकाशा लाल ठिपक्यांनी सांगणार होता. तो बघायला नगरपालिकेचा इंजिनियर बाहेर येऊन बसला होता. लाल ठिपक्यांचे पंप आजच बंद व्हायचे होते.

मॅडमनी मुलांना जवळ बोलावून शांतपणे विचारलं. रागावलं की मुलं खोटं बोलतात, हे त्या जाणून होत्या. हळूहळू उलगडा झाला. उन्हात उभ्या उभ्या माहिती भरू नका, नीट बसून भरा, असं मॅडमनीच बजावलं होतं. मुलांनी शब्दन् शब्द पाळला. बाटल्या घेऊन ती कँटीनमध्ये आली आणि पंख्याखाली बसून फोनवर माहिती भरत राहिली. फोन बिचारा आपण जिथे आहोत तीच जागा नोंदवत गेला. बाटल्यांवर नुसते क्रमांक. पंप कुठला, ते कुणीच लिहिलं नव्हतं. जागा फोनला कळतेच की.

"आठवेल तसे ठिपके हलवू का?" चष्मिशचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

मॅडमनी माउसवर हात ठेवला. चुटकीसरशी झालं असतं ते काम.

"एक जरी चुकला ना बाळा, तर विषाच्या पंपाला आपणच हिरवा रंग दिला असं होईल."

इंजिनियरला त्यांनी खरं ते सांगितलं आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत सगळेच पंप बंद ठेवा म्हणून गयावया केली. माणूस वाईट नव्हता. मग वस्तीने प्यायचं काय, असं त्याने विचारलं. टँकर मागवायचा तर वर कारण द्यावं लागतं, आणि कारण म्हणून हा कँटीनचा नकाशा कसा दाखवू? तो निघून गेला.

मॅडम वर्गाला घेऊन तशाच वस्तीत गेल्या. पहिल्या पंपावर एक बाई कडेवर तान्हं घेऊन बादली लावत होती. मॅडमनी तिला थांबवलं, सगळं समजावून सांगितलं. तिने बादली बाजूला घेतली.

"मग पलीकडच्या पंपावर जाऊ?"

मॅडमनी पलीकडच्या पंपाकडे पाहिलं.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

बाईने बादली पुन्हा नळाखाली सरकवली. मग मूल दुसऱ्या कडेवर घेऊन तिने त्याच पंपाचा दांडा दाबायला सुरुवात केली.