म्हशीला आलेली तबकडी

मानसिंग पलटणीत गेला आणि चंद्री म्हशीने सगळ्या घरावर सूड उगवला. त्याच्या आवाजाशिवाय तिला पान्हाच फुटेना. त्याचे वडील नाथाजी यांनी तिला गोंजारले, बायको बनुबाईने पेंड चारली, शेजारच्या एकाने तर मानसिंगचा सदरा अंगात घालून पाहिला. म्हैस कसली फसते! तिने सदऱ्यातल्या माणसाला तेवढी लाथ घातली.

नाथाजींनी हे रडगाणे मानसिंगला मिसरात, म्हणजे इजिप्तच्या आघाडीवर, कळवले. लढाईच्या त्या दिवसांत जवानांचा आवाज तबकडीवर भरून घरी धाडायची टूम निघाली होती. मानसिंगची पाळी आली तेव्हा त्या शहाण्याने आवाज धाडला, तो थेट म्हशीला.

लालासाहेब इनामदारांचा चहा चंद्रीच्या दुधावर चाले, म्हणून त्यांनी आपला चावीचा फोनो गोठ्यात ठेवायला दिला. पहिल्याच सकाळी कर्ण्यातून आवाज आला, "ये गं चंद्रे, ये माजी बाय, रुसू नगंस." म्हशीने कान टवकारले आणि चरवी भरली. नाथाजींच्या डोळ्यांत पाणी आले. बनुबाईच्याही आले, पण ते रागाचे होते. लग्न झाल्यापासून तिला कोणी असे लाडाने बोलावले नव्हते.

पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "बने, तुज्यासाटी काय बोलला गं?" ती काय सांगणार? तबकडी पुरी वाजतच नव्हती. गोठ्याची जमीन मोरीकडे उतरती, फोनोही तसाच कललेला. सुई निम्म्यावर आली की तिचा दांडा घसरून तबकडीच्या बाहेरच्या कडेला यायचा आणि मानसिंग पुन्हा म्हशीची मनधरणी सुरू करायचा. उरलेल्या निम्म्यात आपल्यासाठी एखादा तरी शब्द आहे की नाही, या विचाराने बनुबाईला घास गोड लागेना.

"दूद निघतंय न्हवं? मग बास की," नाथाजी म्हणाले.

"आवं मामंजी, म्हशीचं भागलं. माजं काय?"

शेवटी तिने गाडीवान कृष्णाताला बोलावले. त्याने दांडा बोटावर तोलून पाहिला. "वैनी, गाडी उलाळ हाय. पुढं वजनच न्हाई." आणि सुईच्या डोक्यावर त्याने दोऱ्याने सुपारी बांधली. आता दांडा पुढून असा जड, धुरजड झाला की तबकडी कण्हत फिरू लागली. मानसिंगचा आवाज मेलेल्या आजोबांसारखा निघाला आणि चंद्रीने दावे तोडले.

मग सुपारी अडकित्त्याने थोडी थोडी कातरायचे ठरले. कृष्णात कातरायचा, नाथाजी तुकडे तोंडात टाकायचे. फोनोचा उतार पाहायला बनुबाईने तबकडीच्या जागी पाण्याची थाळी ठेवली. पाणी एका अंगाला गोळा झाले, तशी तिने फोनोच्या त्या अंगाखाली पेंडीचा खडा सारला. पाणी सपाट झाले. तेवढ्यात चंद्रीने मान लांबवून पेंड खाल्ली. मग बनुबाईने खापरी लावली. ती म्हशीने नुसती चाटली.

संध्याकाळी धारेला सगळी आळी गोठ्याच्या दारात जमली. सुई निम्म्यावर आली, थरथरली आणि पुढे गेली. पण पुढेही म्हैसच होती. तिची शिंगे, तिचे रेडकू, तिचा खुराक. लोक तोंडावर हात धरून हसू लागले. बनुबाई मान खाली घालून धार काढत राहिली. तिला त्या क्षणी नवऱ्याचा आणि म्हशीचा सारखाच संताप आला होता.

मग आवाज थांबला. नुसती खरखर ऐकू येत राहिली.

"बने," मानसिंग हळूच म्हणाला, "धारंला तूच बसली आसशील. हाईस न्हवं तितं?"

"हाय की!" ती ओरडून उठली आणि चरवी कलंडली.

सुई शेवटच्या रेघेत अडकली होती. "हाईस न्हवं तितं? हाईस न्हवं तितं?"

"दांडा अडीकला, वैनी. थांबा, सरळ करतो," कृष्णात पुढे झाला.

"हात लावायचा न्हाई!"

दूध उताराने मोरीला लागले. त्याच्याबरोबर इनामदारांचा चहाही गेला. चावी उतरू लागली, मानसिंगचा आवाज जड होत चालला. बनुबाईने पुढे होऊन चावी फिरवायला घेतली.

"हाय," ती म्हणाली. "हाय. हितंच हाय."