अर्धा कंट्रोलर

“एका स्क्रीनसमोर एकच पाहुणा बसेल, असा नियम आहे,” टेबलामागची मुलगी नम्रपणे म्हणाली.

“मग मला पाहुणी समजूच नका,” ताई म्हणाली. “मला याचा उजवा हात समजा.”

मुलगी हसली. मग तिची नजर ताईच्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या उजव्या हाताकडे गेली. कुणीतरी उचलून ठेवावा तसा तो हात कोटाच्या खिशात ठेवलेला होता. मुलीचं हसू ओसरलं. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलली आणि येताना स्वतःच एक जास्तीची खुर्ची उचलून घेऊन आली.

“फक्त आवाज जरा कमी ठेवा हं,” ती म्हणाली. “बाकीचे लोक खेळता खेळता रेकॉर्डिंग करतात.”

“आमचा कसला आवाज!” ताई म्हणाली, तेही इतक्या मोठ्याने की हॉलमधली चार डोकी वळली.

त्या गृहस्थाला त्याच्या धंद्यातले सगळे लोक ‘कासव’ म्हणत. धंदा असा, की बाजारात अजून न आलेले व्हिडिओ गेम आधी खेळून बघायचे आणि मासिकात त्यांच्याविषयी लिहायचं. शिजत असलेल्या भाजीतला एक घास चाखायचा आणि मीठ कमी की जास्त ते सांगायचं, इतकंच ते काम. गेमची कंपनी तीन तास देते. बाकीचे लेखक त्या तीन तासांत दिसेल त्याच्याशी लढून मोकळे होत. हा मात्र वाट सोडून ओढ्याकडे जायचा, पाण्यात झाडाचं प्रतिबिंब पडतं का बघायचा, एखाद्या झोपडीचं दार उघडून आत चूल पेटलेली आहे का ते पाहून यायचा. त्याचा प्रिव्ह्यू, म्हणजे गेम येण्याआधीचा लेख, वाचला की वाचकाला त्या मुलखात हिंडून आल्यासारखं वाटे. नाव थट्टेने पडलं होतं खरं, पण वाचक त्याच नावाने पत्रं पाठवत आणि तो ती जपून ठेवी.

गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. कप धरायचा, पण बटण दाब म्हटलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

संपादकबाई चांगल्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं होतं, “झेपेल का? या गेमची सगळे वाट बघताहेत. सगळे नायक प्राणी आहेत, केवढा तरी मोठा मोकळा मुलूख आहे. पण पुलावरच्या अस्वलाला हरवल्याशिवाय दुसरं खोरं उघडत नाही, आणि वाचकांना ऐकायचंय ते त्या खोऱ्याबद्दल. जमत नसेल तर सांगा. त्या ‘सुसाट’कडून लिहून घेते, तो दुसऱ्या मासिकातर्फे तिथे जाणारच आहे. तुम्ही घरी बसून जुन्या गेमवर लिहा की.”

‘घरी बसून’ हे दोन शब्द कासवाला झटक्यापेक्षा जास्त लागले. “जमेल,” तो म्हणाला आणि फोन ठेवून आपल्या हाताकडे बघत बसला.

बायकोने आधी प्रयत्न करून पाहिला. डावीकडून त्याने चालवायचं, उजवीकडून तिने बटणं दाबायची. दोन दिवसांत तिने हात टेकले. “तुमच्याबरोबर संसार केला तेवढा पुरे,” ती म्हणाली. “हे काही माझ्याने व्हायचं नाही. आणि हे असं अर्धं अर्धं खेळणं तुमचं नि ताईंचं होतं ना? मग त्यांनाच विचारा की.”

ते खरं होतं. लहानपणी त्यांच्या घरी एकच कंट्रोलर होता, तोही शेजाऱ्यांनी वापरून टाकून दिलेला. त्यावरून रोज झोंबाझोंबी चाले. शेवटी आईने वैतागून निवाडा केला, की दोघांनी दोन बाजूंनी धरायचा. ताई मोठी, म्हणून तिने उजवी बाजू घेतली. मारायची बटणं तिकडे होती. धाकट्याच्या वाट्याला आली डावी. डावीकडे नुसतं चालणं. पण चालवणं आपल्या हातात आहे म्हटल्यावर धाकटा तिला नको नको तिथे घेऊन जायचा. “अरे, लढायला चल ना!” म्हणून ती कुरकुरायची आणि हा खेळातल्या ढगाकडे तोंड करून उभा. पुढे ताई शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात लागली, आणि तिच्या पगारावर धाकटा शिकला. कंट्रोलरची दुसरी बाजू मोकळी झाली तशी तीही त्यानेच धरली. पण हिंडायची सवय गेली नाही. त्याच सवयीवर त्याचं पोट चाललं, घर चाललं, नाव झालं.

हे त्याने ताईला कितीदा तरी सांगायचा प्रयत्न केला होता. “तुझे फार उपकार...” एवढं म्हटलं की ती विचारायची, “जेवलास का?” आणि विषय तिथेच संपायचा.

या वेळी मात्र तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, माझी उजवी बाजू गेली. तुझी बाजू येऊन धरशील का?”

ती आत जाऊन चष्मा घेऊन आली. “कारखान्यात जन्मभर बटणं लावली,” ती म्हणाली. “आता दाबून बघू.”

*

स्क्रीन उजळली. नायक निवडायचे होते. मुंगूस, ससा, कोल्ही आणि साळिंदर.

“मुंगूस घे,” कासव म्हणाला. “चपळ आहे. सगळे तेच घेतात.”

“सगळे घेतात म्हणून आपण कशाला?” ताईने साळिंदराकडे बोट केलं. “हा बघ बिचारा, कसा कोपऱ्यात उभा आहे. याला कोण जवळ घेणार?”

साळिंदर म्हणजे त्या चौघांत सगळ्यात अवघड. त्याची लढायची तऱ्हाच उलटी. शत्रू समोर आला की त्याच्याकडे पाठ करायची, काटे फुलवायचे आणि मग सोडायचे. पाठ फिरवायची ती डाव्या बाजूने, काटे सोडायचे ते उजव्या. एका माणसाचे दोन हात असतील तरी तारांबळ उडावी. इथे तर दोन माणसांचा एकेक हात. पण ताईचं मन साळिंदरावर बसलं होतं, आणि ताईपुढे कासवाचं आजवर कधी चाललं नव्हतं.

पहिला तास बरा गेला. वाटेतल्या कोल्ह्या-कुत्र्यांना त्यांनी कसंबसं पिटाळलं. मग आला पूल, आणि पुलावर ते अस्वल. एका डोळ्याने आंधळं, अंगावर गवत उगवलेलं, पण एक पंजा मारला की साळिंदर थेट खाली नदीत.

“मार!” कासव म्हणाला.

“कुठे मार? तू फिरलास कुठे अजून?”

“फिरलो! आता मार!”

“हे कुठलं बटण आहे? किती बटणं करून ठेवलीत मेल्यांनी!”

छपाक. साळिंदर नदीत. पुन्हा पुलाच्या अलीकडून सुरुवात.

असं किती वेळा झालं ते दोघांनीही मोजलं नाही. ताईच्या मते कंट्रोलर निसरडा होता. कासव म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. ताई म्हणाली, तुला तरी कुठे नाचता येतंय, तू आयत्या वेळी अस्वलाच्या तोंडात नेऊन उभं करतोस. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं दहा वर्षांच्या पोरांसारखी भांडू लागली. पलीकडच्या खुर्चीत सुसाट बसला होता. त्याचं मुंगूस अस्वलाला लोळवून केव्हाच पुढे गेलं होतं. त्याने कानावरचा हेडफोन काढून कासवाकडे पाहिलं. त्या नजरेत कीव नव्हती, काळजी होती, आणि कासवाला तीच जास्त बोचली. आता अर्धा तासच उरला होता. खोरं दिसलं नाही तर लिहायला काही नाही, आणि लिहायला काही नाही म्हणजे पुढच्या वेळी बोलावणं नाही.

टेबलामागची मुलगी हळूच येऊन वाकली. “माफ करा हं. जरा हळू... सगळ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतोय.”

ताई एवढीशी झाली. “नाही बोलणार,” ती पुटपुटली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

कासवानेही मिटले. साळिंदर पुलाच्या अलीकडे उभं. दोघं गप्प. आणि त्या गप्प बसण्यात त्याला एकदम त्यांची जुनी खोली आठवली. एकच खोली. वडील रात्रपाळीला जात आणि दिवसा तिथेच भिंतीकडे तोंड करून झोपत. टीव्हीचा आवाज बंद. एक शब्द मोठ्याने गेला आणि वडिलांची झोप मोडली, तर टीव्हीच बंद. त्यामुळे सगळा खेळ अळीमिळी गुपचिळी. मग ते एकमेकांना सांगायचे कसे?

गुडघ्याने ठोकून. ताई तेव्हाही त्याच्या उजवीकडे बसायची, आजही उजवीकडेच होती. त्याचा उजवा गुडघा थोडा बधिर होता, पण अगदीच मेलेला नव्हता. त्याने तो सरकवून ताईच्या गुडघ्याला टेकवला.

ताईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा गुडघा तिथेच राहिला.

पुलावर पाऊल पडलं. अस्वल उठलं. कासवाने साळिंदराची पाठ फिरवली आणि गुडघ्याने एकदा ठोकलं. एक म्हणजे ‘झालं, मार’. काटे सुटले. अस्वल कळवळलं. तिने दोनदा ठोकलं. दोन म्हणजे ‘मागे हो’. तो मागे झाला, आणि अस्वलाचा पंजा नुसत्या हवेत फिरला. एक. काटे. दोन. मागे. एवढ्या वर्षांत कारखाना, लग्नं, बाळंतपणं, आईवडिलांची आजारपणं, सगळं होऊन गेलं होतं, आणि गुडघे मात्र काही विसरले नव्हते. इतका वेळ ते दोघं बोलून बोलून खेळत होते, ही काय ती चूक. बोलून ते कधी खेळलेच नव्हते.

अस्वल गुडघ्यावर आलं. मग ते हळूच बाजूला झालं आणि पुलाच्या कठड्याशी जाऊन बसलं. मेलं नाही. फक्त वाट दिली.

“बरं झालं बाई,” ताई कुजबुजली. “म्हातारं होतं.”

पूल संपला आणि दुसरं खोरं उघडलं. पिवळं गवत कमरेएवढं, लांब कुठेतरी तळं, तळ्यावर उतरणारे पक्षी, आणि इतकं आभाळ की स्क्रीनच्या कडा लक्षात येईनात. कासवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण पुसायचा हात कामात होता.

वेळ थोडाच उरला होता. लांब एका टेकाडावर तांबडी खूण दिसत होती. तिथे पुढची लढाई. कासवाने साळिंदर तिकडे वळवलं.

“तिकडे कुठे चाललास?” ताई कानाशी म्हणाली.

“तुला लढायला आवडतं ना?”

“तेव्हा आवडायचं.” ती स्क्रीनवरून नजर हलवायला तयार नव्हती. “ते तळं बघू या ना. तिथे काय आहे?”

मग कासवाने आपलं काम केलं. गवतातून हळूहळू, वाट सोडून. एका वठलेल्या झाडाशी थांबला, ढोलीत मधमाश्या होत्या. पुढे तळ्याच्या काठी नेऊन त्याने साळिंदराला पाण्यात बघायला लावलं. ताईने वाकून बघितलं. पाण्यात काटेरी तोंड हललं आणि ती तोंडावर हात धरून हसली.

“इतकं असतं होय हे सगळं?” ती म्हणाली. “आणि मी आपली तुला ओढून लढायला नेत होते.”

उजवीकडे आता दाबायला काहीच नव्हतं. तरी तिने आपली बाजू सोडली नाही. स्क्रीन काळी होईपर्यंत धरून बसली होती.

बाहेर पडताना सुसाट दाराशी थांबला होता. “साळिंदर घेऊन?” तो म्हणाला. “मी पहिल्या पाच मिनिटांत सोडून दिलं ते. मी तळ्याकडे गेलोच नाही हो. काय आहे तिथे?”

“वाचशील की,” कासव म्हणाला.

फुटपाथवर उभं राहून त्याने संपादकबाईंना फोन लावला. “खोरं बघितलं,” तो म्हणाला. “पण एकट्याने नाही. डावी बाजू माझी, उजवी माझ्या बहिणीची. तसंच लिहिणार आहे. चालत असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा.”

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. “पुढच्या महिन्यात अजून एक बोलावणं आलंय,” बाई म्हणाल्या. “त्यांना दोन खुर्च्या लागतील म्हणून आधीच कळवून ठेवते.”

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. दुपारचं ऊन काचेतून आत येत होतं. ताई मनगट चोळत होती. कासवाला वाटलं, आता सांगायचं. आज ‘जेवलास का’ म्हणाली तरी थांबायचं नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी आज जो काही आहे ना, तो...”

“शूऽऽ,” ताईने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या बाकाकडे मान केली. तिथे कामाच्या गणवेशातला एक माणूस काचेला डोकं टेकून गाढ झोपला होता. रात्रपाळीहून सुटलेला असावा. डबा मांडीवर, तोंड किंचित उघडं.

बस सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. मग कासवाने आपला ओढत चालणारा पाय जरा सरकवला आणि ताईच्या गुडघ्याला एकदा ठोकलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. बघता बघताच तिने एकदा परत ठोकलं.