सेरोंगाच्या विमानातली जागा

“विमानाचं मला सांगू नकोस, ओदिरिले. विमान त्यांचं, होडी आपली. बस मुकाट.”

सेलेलो म्हातारा धक्क्याला होडी लावून, लांब बांबू पाण्यात रोवून उभा होता. होडीत मक्याचं पीठ, सुकी मासळी, दोन जुनी पांघरुणं. सगळी तयारी करूनच आला होता. काठावर ओदिरिले, अंगात वाढप्याचा पांढरा डगला, हातात पाहुण्यांच्या चहाचा ट्रे. आदल्या दिवशी आमच्या सफारी-कॅम्पच्या वायरलेसवर निरोप आला होता: त्याची आई गेली. शनिवारी उजाडता माती.

“शुक्रवारचं विमान थेट आमच्या सेरोंगालाच उतरतंय, मामा,” ओदिरिले म्हणाला. “एक जागा रिकामी आहे. मॅनेजरबाई म्हणाल्या, ती तुझी. अर्ध्या तासात घरी. होडीने तीन दिवस लागणार, वर पाणघोड्यांची कटकट.”

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.”

“बाईंनी शब्द दिलाय.”

म्हातारा पाण्यात थुंकला. मग माझ्याकडे वळला. “मा-तुमेलो, तू तरी सांग याला.”

मी चादरी वाळत घालत होते. काय सांगणार? वीस-बावीस वर्षं ज्या माणसाने या बेटावर पाहुण्यांच्या ताटाखेरीज काही बघितलं नाही, त्याला बाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. शेवटी म्हातारा होडी घेऊन निघून गेला. जाताना मागे वळूनही बघितलं नाही त्याने.

मी इथली कपडे धुणारी. पाहुण्यांचं सगळं धुते, आतले कपडे तेवढे सोडून. दुसऱ्याचे ते आम्ही धूत नाही. तंबूत साबणाची डबी ठेवतो, धुवा म्हणावं तुमचे तुम्ही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळा कॅम्प जाणतो. पण पाहुणे आले-गेले की धावपट्टीवर आम्ही जे गाणं म्हणतो, त्यात पुढचा आवाज माझाच लागतो. मी ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायचं: ‘सुखाने जा, पुन्हा या.’ पाहुण्यांना वाटतं, आम्ही बारा महिने आनंदातच असतो.

शुक्रवारी सकाळी ओदिरिले माझ्याकडे सदरा घेऊन आला. “जरा इस्त्री फिरव ना.” काखेत एक नवंकोरं पांघरूण होतं, तपकिरी चौकड्यांचं. म्हातारीला थंडीत द्यायचं म्हणून मौन गावच्या बाजारातून घेतलेलं. द्यायचं राहून गेलं होतं.

“आता हे तिच्या पेटीवर घालीन,” तो म्हणाला. “आणि पहिली मूठ मी टाकीन. थोरला आहे ना मी.”

“टाकशील रे बाबा. डगला काढ तो अंगातला, बघू, त्याला डाग पडलाय.”

तेवढ्यात मॅनेजरबाईंनी त्याला बोलावलं. परत आला तेव्हा तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा.

“जागा नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“चार जण आधीच्या कॅम्पवरून बसून येतायत. इथून कॅमेरेवाला साहेब. आणि उरलेली जागा साहेबानेच घेतलीय. कॅमेऱ्याच्या बॅगेसाठी. आधीच पैसे भरलेत. बाईंच्या लक्षात राहिलं नाही. रडकुंडीला आल्या बिचाऱ्या.”

“बॅगेसाठी? बॅगेला खुर्ची?”

“काचा असतात आत. धक्का लागायला नको.”

माझी आग मस्तकात गेली. “मी सांगते त्या साहेबाला!”

“तुला त्याची भाषा येते कुठे?”

“मग तू सांग! सकाळी त्याला अंडी कोणी वाढली? ‘ओडी, मी तुला विसरणार नाही,’ म्हणून पाठीवर थाप कोणाच्या मारली? माणूस काही वाईट नाही, देईल तो उठून जागा.”

“पाहुण्यांसमोर मयताचा विषय काढायचा नाही. नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात!”

“आणि नियम नसता तरी,” तो हळूच म्हणाला, “आईच्या मातीला जायचं आणि जागा मागायची ती एका बॅगेकडे? नको, मा-तुमेलो. इस्त्री राहू दे आता.”

होडीने निघायचं म्हटलं तरी माती होऊन गेल्यावर पोचला असता. पुढचं विमान रविवारी. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही, आणि रडूही आलं.

धावपट्टीवर आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो. ओदिरिलेही आला. पांघरूण काखेतच होतं, ठेवायचं कुठे हे त्याला सुचलं नसावं. साहेबाने सगळ्यांचे हात हातात घेतले, स्वयंपाकीणबाईला मिठी मारली. पायलटने ती काळी बॅग खिडकीजवळच्या खुर्चीत बसवली, तिला पट्टा बांधला, पट्टा ओढून बघितला. बाईंनी मला खूण केली: गा.

मी गायले. रोजचीच चाल लावली.

“पाहुणा बसला, पाहुण्याची पेटी बसली!”

मागून सवयीने आवाज उठला, “सुखाने जा, पुन्हा या!”

“पेटीला पट्टा बांधला, लेकाला जागा नाही उरली!”

आता रांग अडखळली. स्वयंपाकीणबाईने माझ्याकडे बघितलं, मग ओदिरिलेकडे. आणि तिनेच सगळ्यांत मोठ्याने उचललं, “सुखाने जा, पुन्हा या!”

“सेरोंगाच्या म्हातारीला बॅग निघाली माती द्यायला!”

“सुखाने जा, पुन्हा या!”

पोरी टाळ्या वाजवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. आमची भाषा बाईंना चार शब्दांपलीकडे येत नव्हती, त्या कौतुकाने मान डोलावत होत्या. साहेब तर खूश. गळ्यातला कॅमेरा काढून त्याने आमचे फोटोवर फोटो काढले. ओदिरिले माझ्या शेजारीच होता, म्हणून मला ऐकू आलं. तो अर्धंच म्हणत होता. ‘सुखाने जा’ म्हणायचा आणि गप्प व्हायचा. ‘पुन्हा या’ त्याच्या तोंडातून एकदाही निघालं नाही.

पायलट मौन गावचा, आमचीच भाषा बोलणारा. त्याला सगळं कळलं. मान खाली घालून तो ओदिरिलेपाशी आला. “वजन भरलंय, भाऊ. माझ्या हातात काही नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “पांघरूण दे. मांडीवर ठेवून नेतो.”

पुढचं मला ओदिरिलेच्या बहिणीने, बोनोलोने, नंतर सांगितलं. भावाला घ्यायला सगळ्या बायका धावपट्टीवर येऊन थांबल्या होत्या. विमान उतरलं. आधी साहेब उतरला. मग बॅग उतरली, दोन्ही हातांनी, जपून. मग पायलटने बोनोलोच्या हातात पांघरूण ठेवलं आणि म्हणाला, “हे लेकाने पाठवलंय.” बायकांनी एकच आकांत केला. साहेबाला वाटलं, इथेही स्वागताचं गाणंच आहे. त्याने हसून हात हलवला.

शनिवारी उजाडायच्या वेळी ओदिरिलेने सगळ्या तंबूंत चहा पोचवला. मग धक्क्यावर जाऊन बसला, मुठीत माती घेऊन. पाणी सेरोंगाहून खाली आमच्याकडे येतं. इथून तिकडे काही जात नाही. त्यामुळे मूठ सोडायची कुठे, हे त्याला कळेना. सेलेलो म्हातारा आला आणि शेजारी बसला. मी म्हटलं, आता हा ऐकवणार, मी सांगितलं होतं म्हणून. पण त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ऊन वर आलं, नाश्त्याची घंटा झाली, तेव्हा ओदिरिलेने ती माती डगल्याच्या खिशात टाकली आणि कामाला गेला. त्याच संध्याकाळी डगला धुवायला आला, तेव्हा मी ती कागदात बांधून त्याला परत दिली.

रविवारच्या विमानाने तो गेला म्हणा. पण बुजवलेल्या खड्ड्यावर टाकलेली मूठ ती काय.

काही महिन्यांनी साहेबाकडून भलामोठा फोटो आला. बाईंनी चौकट करून जेवणाच्या तंबूत लावला. आम्ही सगळे रांगेत, तोंडं उघडी, टाळ्यांसाठी उचललेले हात. मधोमध ओदिरिले, काखेत चौकड्यांचं पांघरूण. रोज सकाळी टेबलं मांडायच्या आधी फोटोची काच तोच पुसतो. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कोणाला सांग ना. म्हणाला, “दुसरा वाढपी आहे कुठे?”

परवा धुतलेले नॅपकिन द्यायला मी तंबूत गेले होते. एक नव्या आलेल्या बाई फोटोसमोर उभ्या होत्या. “किती आनंदी माणसं!” म्हणाल्या. ओदिरिलेनेच मला नंतर सगळ्या बोलण्याचा अर्थ सांगितला. मग त्यांनी त्याला विचारलं, या गाण्यात काय म्हणतायत?

ओदिरिलेने त्यांच्या कपात चहा ओतला. किटली खाली ठेवली.

“‘सुखाने जा’ म्हणतायत, बाई.”

“आणि पुढे?”

“पुढे काही नाही,” तो म्हणाला. “साखर किती घालू?”