रुमालाखालची शाळा

सिद्धरामचा बाप उदगीरच्या मोंढ्यात आडत्या. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची अन् न बोलता धान्याचा भाव ठरवायचा, हा पिढीजात धंदा. पण पोरगं निघालं भोळा सांब! शेतकऱ्याचा हात थरथरला की ह्यानं आपणहून भाव चढवलाच. "तुझ्या हाताला व्यापार न्हाई रे," म्हणत बापानं एक दिवस गादीवरून उठवलं. मग शिलाई मशीन झालं, एस्टीत कंडक्टरकी झाली. एक ना धड.

लातूर नवा जिल्हा झाला, मास्तरांच्या जागा निघाल्या, तेव्हा ह्याला एका आडगावची एकशिक्षकी शाळा मिळाली. तीही हंगामी. बायको शिवकांता म्हणाली, "आता हितनं बी उठलात तर मी माहेरी चालले, सांगून ठिवते."

आणि नशीब बघा, पुढं दुष्काळ! विहिरी आटल्या. सगळा गाव रोजगार हमीच्या खडीवर, पोरंसुद्धा. तपासणीला साहेब आले त्या दिवशी वर्गात चिमणीदेखील नव्हती.

"शाळा बंद करा, असा शेरा मारतो," साहेब म्हणाले. त्यात त्यांची तरी काय चूक?

सिद्धरामनं चक्क त्यांचे पाय धरले. "पोरं शिकायलीत हो साहेब! दुपारच्या सुट्टीत मी खडीवरच शिकवतो. एकडाव चला, बघा."

खडीवर साहेबाला बघून पोरांची दातखीळ बसली. नागुबाईची रुद्राणी तर आईच्या पदराआड दडली.

"बारातून पाच गेले?" साहेबांनी तिलाच विचारलं.

तिनं तोंडच पदरात लपवलं. पुन्हा विचारलं. ती आणखीनच मागं सरली. सिद्धरामला बाप दिसला, ट्रंक भरणारी शिवकांता दिसली. मेलो आता, त्याला वाटलं. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला.

"बुजरी पोरं आमच्यात असं उत्तर देतात, साहेब. तुम्हीच हात घाला."

साहेब हसले, पण बसले. रुमालाखाली रुद्राणीनं आधी त्यांचा सगळा पंजा धरला, मग दोन बोटं. सात! बरोबर होतं. पण साहेबांनी हात काढला नाही. त्यांचं हसू मावळलं.

"हिच्या हाताला किती फोड आलेत," ते हळूच म्हणाले. "वय काय हिचं?"

"आठ," नागुबाई म्हणाली. "माझ्यासंगं खडी फोडती. काय करावं साहेब, प्वाट हाय."

साहेबांनी रुमालाखालचा तिचा हात हलकेच सोडला. मग उठून म्हणाले, "शाळा चालू ठेवतो, गुरुजी."

जन्मात पहिल्यांदा सिद्धराम कुठंतरी टिकला. हसावं की रडावं, त्याला कळेना. तेवढ्यात मुकादमानं शिट्टी मारली. रुद्राणीनं रुमालाखालून हात काढला, हातोडी उचलली अन् ती आईशेजारी जाऊन बसली.

पहिला दगड फुटला, तसा सिद्धरामनं तोच रुमाल तोंडाला लावला अन् हमसून हमसून रडला.