फ्रान्सपुरती दोस्ती

निपाणीच्या सलूनात दाढीला बसलेल्या भरमाने मोबाइलवर तो फोटो पाहिला आणि गालावरचा फेस तसाच ठेवून तो उठून उभा राहिला. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. सुवर्ण विधानसौधाच्या पायऱ्यांवर त्याचे आमदार रविराज आणि विधान परिषदेतले विरोधी पक्षाचे अभिनंदन अण्णा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. दोघांच्या कोटावर तिरंग्याच्या शेजारी फ्रान्सचा बिल्ला. खाली लिहिलं होतं: ‘फ्रान्स मैत्री गटात दोन्ही पक्षांचे सदस्य सामील.’

भरमा रविराजसाहेबांचा माणूस. मागच्याच्या मागच्या निवडणुकीत मतदान केंद्राबाहेर त्याने सख्ख्या दाजीची, परशरामची, कॉलर फाडली होती, कारण परशराम अण्णांचा माणूस. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. साहेबांनी पाठ थोपटली, “अशी माणसं पायजेत.” तेव्हापासून भरमाने आक्काचा उंबरा ओलांडला नव्हता. भाचीच्या लग्नाला गेला नाही, दाजीच्या ऑपरेशनलाही नाही. दोन घरांच्या मध्ये होती फक्त वेदगंगा नदी, आणि तिच्यावर चांगला पूल होता.

दुसऱ्या दिवशी तो बेळगावला गेला आणि पास काढून थेट विधानसौधाच्या कँटीनमध्ये शिरला. साहेब आणि अण्णा एकाच टेबलावर उप्पीट खात होते. साहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

“सायेब, तुमचं मिटलं व्हय?”

“काय मिटलं?”

“न्हाय म्हंजे, मिटलं आसंल तर मी बी आक्काकडं जाऊन येतो.”

साहेब हसले. “खुळा हाईस काय रं? ही दोस्ती फ्रान्सपुरती. मार्चमध्ये आठ जणं पॅरिसला जाणार, दोन्हीकडची चार-चार. एकाच पक्षाची माणसं नेत न्हाईत ते फ्रान्सवाले. गावात हाय तसंच चालू ठेवायचं.”

भरमा परत फिरला तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. शुक्रवारी फ्रान्सचे तीन पाहुणे गुऱ्हाळ बघायला येणार होते, आणि त्या भागात बिनकेमिकलचा गूळ करणारं एकच चांगलं गुऱ्हाळ उरलं होतं. परशरामचं.

“तू जाऊन ठरवून ये. अण्णांनी त्याला सांगितलंय.”

“म्हंजे जाऊ आक्काकडं?”

“कामापुरतं जा.”

भरमा गेला. जयाआक्का अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर केली, ओळखलं आणि पुन्हा भांडं घासायला लागली.

“आक्का, शुक्रवारी फ्रान्सची माणसं येणार हाईत.”

“भाचीच्या लग्नाला पत्रिका धाडली व्हती तुला,” आक्का म्हणाली. “त्यात फ्रान्स लिवायचं ऱ्हायलं बग.”

भरमा खाली बसला आणि राखेत हात घालून एक पातेलं ओढून घासायला लागला. आतून परशराम आला. पातेल्यात डोकावून म्हणाला, “तळ नीट घास. करपलंय ते.”

शुक्रवारी साहेब आणि अण्णांबरोबर पाहुणे आले. पाकाची कढई बघून एक उंच बाई खूश झाली. दुभाषी पोराने विचारलं, “मॅडम विचारत्यात, तुमी दोघं किती वर्सं एकत्र काम करताय?”

रविराज आणि अण्णा एकदम बोलले, “लहानपणापासून!” आणि फोटोसाठी दोघांनी एकमेकांना गरम गूळ भरवला. अण्णांचं तोंड टाळूपर्यंत भाजलं, पण ते हसत राहिले. अकराव्या मिनिटाला गाड्या गेल्या.

भरमाही निघाला, तर आक्का दारात आडवी उभी. “ताट वाढलंय.”

तो पहिला घास घेतो न घेतो तोच फोन वाजला. साहेब होते.

“पाहुणे गेले न्हवं? मग अजून तिथं काय करतोस? माणसं बघत्यात. नीघ.”

भरमाने दाजीकडे पाहिलं. परशरामचाही फोन वाजत होता आणि पलीकडून अण्णा भाजलेल्या जिभेने बोबडं काहीतरी बोलत होते. त्यातलं ‘त्याला घरात का घेतलास’ तेवढं नीट कळलं.

“सायेब,” भरमा म्हणाला, “मी जेवतोय,” आणि फोन पालथा ठेवला. परशरामने आपला बंदच केला. मग दोघांनी निवडणुकीवरून पुन्हा कडाकडा वाद घातला. बोलता बोलता परशरामने भरमाच्या ताटात आमटी वाढली, आणि आक्का आत जाऊन पदराने डोळे पुसून आली.

मार्चमध्ये शिष्टमंडळ पॅरिसला गेलं. जाण्याआधी साहेबांनी बूथ कमिटीतून भरमाचं नाव काढलं आणि अण्णांनी परशरामचं. दोघांच्या जागी दोन तरुण पोरं नेमली आहेत. ती चुलतभाऊ आहेत, आणि सध्या एकमेकांशी बोलत नाहीत.