सुटलेला हात

अझीमने चढाईसाठी मध्यरेषा ओलांडली, तशी मैदानाभोवती बसलेली माणसं उठून उभी राहिली. मुंबईच्या व्यावसायिक संघातून कबड्डी खेळणारा दाभोळचा तो एकटाच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज पहिल्यांदा मातीत उतरला होता. सोमवारी संघाच्या शिबिरात त्याची चाचणी होती. ती पार पडली तरच पुढचा हंगाम. त्याआधी पाय एकदा आपल्या माणसांत अजमावून बघावा, असं त्याच्या मनात होतं. पुढच्या रांगेत अब्बा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

समोर कोपऱ्यात सागर होता. दोघं एकाच शाळेत खेळायला लागले. सागरची पुढे कुठे निवड झाली नाही, तो खाडीपलीकडच्या आपल्या गावच्या संघातच राहिला. पण त्याने घोटा धरला की गडी परत जात नाही, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

अझीम दम धरून कोपऱ्याकडे सरकला. त्याने पाय टाकला आणि सागरने खाली झेप घेऊन घोटा पकडला. अझीमने मध्यरेषेकडे अंग झोकून दिलं. गुडघ्यात कटकन काहीतरी वाजलं आणि पायातला जोरच गेला. पसरलेला हात रेषेपासून वीतभर लांब होता. तो तिथवर पोचणार नाही, हे त्याला कळलं.

तेवढ्यात घोटा मोकळा झाला.

बोटं रेषेला लागली. शिट्टी झाली. सागर बाद. ढोल वाजायला लागला. अब्बा दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. अझीम सावकाश उठला, लोकांकडे बघून हसला आणि पुढच्या चढाईला त्याने दुसऱ्याला पाठवलं. मग तो चढाईला गेलाच नाही.

सामना संपल्यावर सागर नळावर तोंड धूत होता.

“का सोडलास?”

“सुटला हात.”

“तुझा?”

सागरने नळ बंद केला.

“आवाज ऐकला मी,” तो म्हणाला. “आणखी धरला असता तर पाय गेला असता. समोर तुझे अब्बा बसलेले.”

“सोमवारी कोण सोडणार नाय.”

“नाय,” सागर म्हणाला आणि बाजूला झाला.

अझीमने नळाखाली गुडघा धरला. माती केव्हाच धुऊन गेली, तरी तो तसाच उभा होता.

फाटकाशी अब्बा माणसांच्या घोळक्यात होते. अब्बांच्या मासेमारी बोटीवरच्या केरूने विचारलं, “अयूबभाय, पोरगा परत जातो कधी?”

“रविवारी. बघितलंस ना कसा निसटला? पाय एकदम बरा झालाय त्याचा.”

अझीम त्यांच्याजवळ आला. दोघं घराकडे निघाले. घर वर टेकाडावर. जांभ्याच्या पायऱ्या चढून गेलं की पाच मिनिटांत अंगण. अब्बा या वयातही मासळीची टोपली घेऊन त्याच वाटेने चढायचे. आज पायऱ्यांशी आल्यावर ते थांबले. त्यांनी अझीमकडे बघितलं नाही.

“इकडून जाऊ,” म्हणत ते वळणाच्या रस्त्याला लागले.

“लांब पडेल, अब्बा.”

“पडू दे. घाई कसली आता?”